कंडोम फाटला, चाळीस तास झाले: एचआयव्ही टाळणारी गोळी आता घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, पुण्यात नोकरी, दोन रूममेटबरोबर राहणं. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास अ‍ॅपवर ओळख झालेल्या पुरुषाशी गुदमार्गे संबंध आला, विचारणारे स्वतः बॉटम, म्हणजे संबंध आत घेणारे, होते, आणि कंडोम फाटल्याचं नंतर लक्षात आलं. समोरचा म्हणाला, "मी क्लीन आहे." आज रविवार दुपार. फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, "तीन महिन्यांनी टेस्ट करा, तोवर टेन्शन घेऊ नका." मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. उशीर झाला का? आणि रूमवर कळू न देता महिनाभर औषध कसं घ्यायचं?

उशीर झालेला नाही. पण आजचा दिवस हातचा घालवू नका. तुमचे ७२ तास उद्या, सोमवारी रात्री अकराला भरतात. याचा अर्थ उद्या ऑफिस सुटल्यावर ओपीडी गाठली तरी चालेल, असा घेऊ नका. वीजबिल शेवटच्या तारखेला भरलं तरी पूर्ण भरलं जातं. पेपचं, म्हणजे जोखमीच्या प्रसंगानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायच्या या गोळ्यांच्या कोर्सचं, तसं नसतं. पहिल्या दोन तासांत घेतलेला डोस सर्वांत चांगला, चोवीस तासांच्या आतला त्याखालोखाल, आणि पुढे जितका वेळ जाईल तितका फायदा कमी होत जातो. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होतो असं म्हणायला आधार नाही, म्हणून तिथे रेघ ओढली आहे.

आता उठून काय करायचं ते आधी सांगतो. रविवार असल्यामुळे दवाखाने बंद असतील, पण मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग चालू असतो, ससूनसारख्या सरकारीचाही आणि शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांचाही. केसपेपर काढताना संकोचून "अशक्तपणा वाटतोय" वगैरे सांगू नका, तासभर सलाइनखाली झोपवतील. थेट सांगा: "एचआयव्हीचं एक्स्पोजर झालंय, चाळीस तास झालेत, पेप सुरू करायची आहे." संसर्गजन्य रोगांचे किंवा एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांचा, अनुभव असलेले फिजिशियन व्हिडिओवर भेटत असतील तर तेही चालेल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे. जवळचं केंद्र कुठलं ते तिथे विचारता येतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड व्हायला नको. सरकारी रुग्णालयातला पेपचा साठा मुख्यतः सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेला असतो. सहमतीच्या संबंधानंतर आलेल्याला तो मिळेलच असं नाही. पुष्कळदा चिठ्ठी हातात देऊन "बाहेरून घ्या" म्हणतात. वाद घालण्यात वेळ घालवू नका. चिठ्ठी घ्या, मोठ्या मेडिकलमध्ये जा. एखाद्याकडे नसेल तर दुसरीकडे फोन करून विचारा. गोळीचं नाव टीएलडी: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. दिवसाला एक, २८ दिवस. भारतीय कंपन्याच ती बनवतात. बाटली सहसा तीस गोळ्यांची असते, त्यामुळे शेवटी दोन उरतील. त्या उरल्या म्हणून कोणी मित्राला "घे, असू दे" करून देऊ नका.

पहिली गोळी मेडिकलच्या दारातच, पाण्याच्या बाटलीबरोबर घेतली तरी चालते. जेवणाआधी-जेवणानंतर असा काही नियम नाही. रात्रीचा मुहूर्त बघू नका. रोजची वेळ उद्यापासून सोयीने ठरवा.

फॅमिली डॉक्टरांविषयी दोन शब्द, कारण अशा तक्रारी मी सतत ऐकतो. ते तुम्हाला मुद्दाम टाळत होते असं नाही. माझ्या पिढीच्या बहुतेक डॉक्टरांच्या डोक्यात पेप म्हणजे सुई टोचलेल्या इंटर्नचं औषध. त्याला इतिहास आहे. सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांवरचा जो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला, त्यात झिडोव्हुडीन या एकट्या एचआयव्हीविरोधी औषधाने लागण होण्याची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटलेली दिसली. तिथून हे औषध रुग्णालयाच्या भिंतींच्या आतलं म्हणून रुजलं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने कामाबाहेरच्या एक्स्पोजरसाठी २००५ मध्ये सविस्तर शिफारशी काढल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये कामावरचं-बाहेरचं हा भेदच काढून टाकून सगळ्यांना एकच नियम लावला. आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत ते अजून पुरतं झिरपलेलं नाही.

पण आकडे बघा. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या माणसाकडून एका प्रसंगात लागण होण्याची शक्यता सुई टोचल्यास दहा हजारांत सुमारे २३. तुमच्यासारख्या, म्हणजे गुदमार्गे रिसेप्टिव्ह संबंधात, दहा हजारांत सुमारे १३८. सहापट. इंटर्नला सुई टोचली की सिस्टर धावतात, हात साबणाने धुवायला लावतात, तासाभरात गोळी तोंडात जाते, रजिस्टरमध्ये नोंद होते. त्याच्या सहापट जोखमीचा माणूस केबिनबाहेर बसतो आणि आत गेल्यावर त्याला आधी लग्न झालंय का ते विचारतात. विषाणूला दोन्हीकडे तेवढेच तास लागतात.

ते तास कशात जातात? श्लेष्मल त्वचेतून आत शिरलेला विषाणू लगेच रक्तात सगळीकडे पसरत नाही. आधी तिथल्याच काही पेशींमध्ये शिरतो, त्या पेशी त्याला जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात, यात दोन-तीन दिवस जातात, आणि रक्तात तो त्यानंतर दिसू लागतो. एकदा त्याचा साठा शरीरात कायमचा बसला की आजची कुठलीच गोळी तो पुसून टाकू शकत नाही. पेपचं काम त्या आधीच्या फटीत आहे. १९९८ मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात टेनोफोविर चोवीस तासांच्या आत सुरू करून २८ दिवस दिलं तेव्हा सगळी माकडं वाचली. सुरुवात ४८ किंवा ७२ तासांवर ढकलली, किंवा कोर्स दहा अथवा तीन दिवसांत आटोपला, तेव्हा संरक्षण ढासळलं. "२८च दिवस का, दहा दिवस घेतल्या तर?" याचं उत्तर या प्रयोगात आहे. माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. अर्ध्यांना पिठाची गोळी देऊन वाट बघणं हा गुन्हाच ठरेल. त्यामुळे शंभर टक्के हमी मी देणार नाही. पेप घेऊनही लागण झालेल्या ज्या केसेस नोंदल्या गेल्या, त्यात बहुतेक वेळा उशिरा सुरुवात, मधले डोस चुकणं किंवा त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध, यांतलं काहीतरी सापडतं.

आता तुमची जोखीम नेमकी किती? १३८ हा आकडा समोरच्याला एचआयव्ही आहे आणि तो उपचारावर नाही, असं धरून आहे. तुम्हाला त्याची स्थिती माहीत नाही. भारतात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये नॅकोच्या पाहणीत एचआयव्हीचं प्रमाण शंभरात साधारण तीन आलेलं आहे. दोन्हींचा गुणाकार केला तर दहा हजारांत चार, म्हणजे अडीच हजारांत एकाच्या आसपास. हा आकडा छोटा आहे, म्हणून रात्रभर रडत बसायचं कारण नाही. पण औषध सोपं, महिनाभराचं आणि बऱ्यापैकी निर्धोक असताना एवढ्या जोखमीला मी पेप देतो, आणि तुम्हालाही घ्याच म्हणतो.

"मी क्लीन आहे" यावर निर्णय टेकवू नका. त्याचा नंबर असेल तर भांडणाचा सूर न लावता विचारा: शेवटची टेस्ट कधी केलीस, आज माझ्याबरोबर येऊन करशील का? बोटाच्या रक्तावरची रॅपिड टेस्ट अर्ध्या तासात होते. ती निगेटिव्ह आली आणि गेल्या काही आठवड्यांत त्याने जोखीम घेतलेली नसेल, तर डॉक्टर तुमची पेप थांबवूही शकतात. समजा तो म्हणाला, "मी पॉझिटिव्ह आहे, पण गोळ्या चालू आहेत आणि व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आहे," तर घाबरू नका. ती या सगळ्यातली सर्वांत चांगली बातमी आहे. नियमित उपचाराने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसू नये इतकं दबलेल्या माणसाकडून शारीरिक संबंधातून लागण होत नाही; युरोपातल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात कंडोमशिवायच्या हजारो संबंधांनंतरही अशी एकही लागण सापडली नाही. मात्र हे सगळं पहिली गोळी घेतल्यावर. त्याच्या उत्तराची वाट बघत आणखी बारा तास घालवायचे नाहीत.

उलट टोकाची माणसंही माझ्याकडे येतात. सलूनमध्ये वापरलेलं ब्लेड लागलं, जत्रेत गोंदवून घेतलं, हॉटेलच्या वाटीत रक्ताचा ठिपका दिसला, एसटीच्या सीटवर काहीतरी टोचलं, डास चावला. वाळलेल्या रक्तात हा विषाणू फार टिकत नाही, आणि अखंड त्वचेवर, लाळेतून, चुंबनातून, एका ताटात जेवून लागण होत नाही. यांना पेप लागत नाही. ब्लेड किंवा गोंदणाच्या सुईमुळे काळजी करायचीच असेल तर हेपॅटायटिस बीची करावी, तो कितीतरी चिवट आहे. मुखमैथुनातली जोखीम फारच कमी. तोंडात जखम असेल, रक्त आलं असेल तर बोलून ठरवावं. इंजेक्शनच्या सुया वाटून घेणाऱ्यांची जोखीम मात्र खरी आहे, दहा हजारांत ६३ च्या घरात, आणि तेच सगळ्यात कमी येतात.

सुरुवातीच्या तपासण्या कराव्यात, पण त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत गोळी अडवून ठेवू नये. हा मुद्दा मी हजारदा सांगतो, कारण तिसऱ्या दिवशी हातात तीन लॅबचे रिपोर्ट, खिशातून गेलेले काही हजार रुपये आणि पोटात एकही गोळी नाही, असा माणूस समोर बसलेला असतो. आजची एचआयव्ही टेस्ट शुक्रवारच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, तुम्ही त्याआधी निगेटिव्ह होतात की नाही एवढंच सांगते. सोबत क्रिएटिनिन, एसजीपीटी (यकृतासाठी), हेपॅटायटिस बी आणि सी, आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठी). टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन. आधीपासून किडनीचा त्रास असलेल्यांना वेगळी जोडणी लागते. हेपॅटायटिस बीची तपासणी टाळू नका. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडीन त्या विषाणूवरही चालतात, त्यामुळे ज्याला आधीपासून हेपॅटायटिस बी आहे त्याने २८ दिवसांनी गोळी एकदम बंद केली तर यकृत भडकू शकतं. ही तपासणी निगेटिव्ह आली आणि हेपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर लसीचा पहिला डोस लगेच घ्या. ही लस देशभरच्या बाल लसीकरणात २०११च्या सुमारास आली, तुमच्या वयाच्या अनेकांनी ती घेतलेलीच नसते.

त्या रात्री तुम्ही डेटॉलने किंवा आत पाण्याची पिचकारी मारून धुतलं असेल तर पुन्हा तसं करू नका. त्याने आतलं अस्तर सोलवटतं आणि शिरकावाला वाट मिळते. बाहेरून साधं पाणी, साबण पुरे.

गोळी चालू झाल्यावरचे प्रश्न. झिडोव्हुडीन किंवा लोपिनाविर दिलं जायचं त्या काळात मळमळ आणि जुलाबाने लोक दहाव्या-बाराव्या दिवशी कोर्स सोडायचे. टीएलडीत तसं फारसं होत नाही. पहिले चार-सहा दिवस थोडी मळमळ, डोकं जड, पोटात गॅस. काहींना डोल्युटेग्राव्हिरने झोप लागत नाही, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. त्यांनी गोळी सकाळी घ्यावी. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन तपासलं आणि ते ०.१-०.२ ने वर दिसलं तर घाबरू नका, डोल्युटेग्राव्हिरमुळे किडनीला इजा न होताही तेवढा फरक दिसतो. त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. कुणी जुन्या चिठ्ठीवरून नेव्हिरापिन असलेली गोळी सुचवली तर साफ नकार द्या. पेपसाठी घेतल्यावर त्याने यकृत गंभीरपणे बिघडल्याच्या घटना घडल्या आहेत.

मळमळ झाली की आपला हात सवयीने डायजिन-जेल्युसिलकडे जातो. इथे सांभाळायचं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची अ‍ॅसिडिटीची औषधं डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. कॅल्शियम, लोह, झिंक असलेल्या मल्टिव्हिटॅमिनलाही हेच लागू. ही मल्टिव्हिटॅमिन (अ‍ॅसिडिटीची औषधं नव्हे) घ्यायचीच असतील तर टीएलडीबरोबर भरल्या पोटी घ्या, मग अडचण होत नाही. आईने पाठवलेलं शंखभस्म किंवा प्रवाळ म्हणजेसुद्धा कॅल्शियमच, ते महिनाभर बाजूला ठेवा. पॅन्टोप्राझोल चालतं. जिममधलं प्रोटीन चालतं, पण डब्यावर मिनरल्स किती आहेत ते वाचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये, कारण रिफॅम्पिसिन आणि कार्बामेझेपिन डोल्युटेग्राव्हिरचं प्रमाण पाडतात.

डोस विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढचा नेहमीच्या वेळी. एक पूर्ण दिवस गेला तरी कोर्स चालू ठेवा. शेवटच्या गोळीला ४८ तासांहून जास्त उलटले असतील तर आपलं आपण ठरवू नका, डॉक्टरांशी बोला. एवढा खंड पडल्यावर पुढे चालू ठेवण्यात बहुधा अर्थ उरत नाही.

रूममेटचं म्हणाल तर बाटलीचं झाकण उघडल्यावर आत ओलावा शोषणारी छोटी पुडी दिसेल. ती फेकू नका, आणि गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत भरू नका. बाटलीवरचं लेबल खरवडून काढा, बाटली ऑफिसच्या बॅगेत ठेवा आणि वेळ ऑफिसातल्या सकाळच्या चहाची ठरवा. घरी जाणार असाल तर बाटली बरोबर न्या, "चार दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणून रूमवर ठेवून जाऊ नका. गणपतीत आणि दिवाळीत मोडलेले कोर्स मी पुष्कळ पाहिले आहेत. डॉक्टर घरी कळवतील ही भीती काढून टाका. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमची माहिती फोडता येत नाही. दोन प्रौढांमधला सहमतीचा समलिंगी संबंध २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हाही नाही, तेव्हा पोलिसांचा काही संबंध येत नाही.

तपासण्यांचं वेळापत्रक. फॅमिली डॉक्टरांचं "तीन महिन्यांनी टेस्ट" हे वाक्य निम्मं बरोबर होतं, फक्त त्याच्या आधीचा महिना त्यांनी गाळला. नॅकोच्या पद्धतीत सुरुवातीला, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी टेस्ट असते. ब्रिटनमध्ये कोर्स संपल्यावर किमान ४५ दिवसांनी केलेली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) टेस्ट पुरेशी धरतात. तीन महिन्यांची चौथ्या पिढीची टेस्ट निगेटिव्ह आली की मी पेशंटला शांत झोपायला सांगतो. सहा महिन्यांची टेस्ट नियमाप्रमाणे आणि हेपॅटायटिस सीसाठी करून घेतो. पेप चालू असताना दर आठवड्याला घरी किट आणून तपासण्यात अर्थ नाही, औषधामुळे टेस्टची खूण उशिरा उमटू शकते. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका. मध्येच ताप, घसा, अंगावर पुरळ असं एकदम आलं तर दाखवून जा. रोज तीनदा थर्मामीटर लावणाऱ्यांना मात्र ९८.९ दिसणारच. गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस यांची तपासणी दोन आठवड्यांनी करून घ्या; पेप त्यांच्यावर काम करत नाही.

हे वाचणाऱ्यांत एखादी व्यक्ती संमतीने नव्हे तर जबरदस्तीनंतर इथे आलेली असेल, तर वरचा "साठा मिळेलच असं नाही" हा भाग तुमच्यासाठी नाही. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तुम्हाला मोफत आणि तत्काळ उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ ते सांगतं. एफआयआर झालेला नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. पेपसोबत स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळीही मागावी. टीएलडी चालू असताना लेव्होनॉरजेस्ट्रेल चालतं. अठराच्या आतलं मूल असेल तर पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि औषधाचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा मोठ्यांची गोळी घरी अर्धी करून देऊ नका.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत पण मी पहिल्या भेटीतच काढतो. असे प्रसंग वरचेवर येत असतील तर दर वेळी पेपच्या मागे धावण्यापेक्षा प्रेप घ्या. ती आधीपासून घ्यायची गोळी, सहसा टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनची. नॅकोने तिच्यासाठी २०२२ मध्ये तांत्रिक मार्गदर्शिका काढली आहे आणि आपल्याकडे ती चिठ्ठीवर मिळते. पेपचा २८वा दिवस संपताना एचआयव्ही टेस्ट करून, ती निगेटिव्ह असेल तर मध्ये खंड न पाडता २९व्या दिवसापासून प्रेप सुरू करता येते. मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट आणि अधूनमधून क्रिएटिनिन. प्रेपची दोन औषधांची गोळी मित्राकडे आज पडलेली असेल आणि टीएलडी उद्या सकाळपर्यंत मिळत नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून आज तीच घ्या आणि टीएलडी हाती आली की तिच्यावर या. तीन औषधं चांगली, पण दोन औषधंही पेप म्हणून चालतात असं जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे.